सामाईक भिंतीची ओल

तरुलताबेन : बोट काय चाटताय गफूरचाचा? भिंत आहे ती, लोणचं नाही.

गफूरचाचा : खारट आहे. लोणा चांगलाच धरलाय. पण साबणाची चव नाही.

तरुलताबेन : साबणाची चवसुद्धा कळते तुम्हाला?

गफूरचाचा : पन्नास वर्षं गवंडीकाम करतोय, खंभातच्या भिंती चाखतोय बेन. न्हाणीघराचं पाणी मुरलं की गिलावा बुळबुळीत होतो, जिभेला कडवट लागतो. ही भिंत तशी नाही.

तरुलताबेन : चव राहू द्या बाजूला. तुम्हाला कशाला बोलावलंय ते आधी नीट समजून घ्या. रविवारी गल्लीचे पंच बसणार आहेत. शेजारच्या पन्नाला तिचं न्हाणीघर पुन्हा सुरू करायचंय. दोन वर्षांपूर्वी पंचांनीच ते बंद करायला लावलं होतं.

गफूरचाचा : तुमच्या तक्रारीवरून.

तरुलताबेन : माझ्या तक्रारीवरून. कारण त्याचं पाणी ह्या सामाईक भिंतीत मुरतं आणि माझ्या खोलीत ओल येते. तुम्ही रविवारी एवढंच सांगायचं, की ओल अजून आहे आणि ती त्या बाजूनं येते. तुमचा शब्द ह्या गावात कुणी मोडत नाही.

गफूरचाचा : ओल आहे हे आंधळाही हात लावून सांगेल. कुठून येते ते भिंतीला विचारावं लागेल. काल मी इथे काचेचा तुकडा चिकटवून गेलो होतो, तो कुठाय?

तरुलताबेन : तो काय, पडद्यामागे.

गफूरचाचा : कालच विचारणार होतो, पडदा कशाला भिंतीवर? इथे खिडकी तर नाही.

तरुलताबेन : डाग दिसू नये म्हणून लावलाय. येणारे-जाणारे विचारतात.

गफूरचाचा : हं. काच बघा. कुठल्या बाजूनं घामेजली आहे?

तरुलताबेन : आतल्या. म्हणजे ओल हवेची नाही. भिंतीच्या पोटातून येतेय. मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना?

गफूरचाचा : अर्धं ठरलं. पोटातून येतेय, पण पोटात कुणी घातली? आता वर बघा. खांद्याच्या वर भिंत खडखडीत आहे. नवरात्रानंतर थेंब पडला नाही आणि आता माघ महिना चाललाय. म्हणजे गच्चीतून झिरपत खाली येत नाही.

तरुलताबेन : ते मलाही कळतं.

गफूरचाचा : तुमचा नळ त्या टोकाला. काल संध्याकाळी मुख्य चावी बंद करून ठेवा म्हटलं होतं. ठेवलीत?

तरुलताबेन : ठेवली. सकाळी लोटाभर पाण्यात चहा आणि तोंड धुणं, दोन्ही उरकलं.

गफूरचाचा : आणि मी कोळशानं मारलेली रेघ? ओल तिच्या खाली उतरली?

तरुलताबेन : केसभरही नाही.

गफूरचाचा : एका रात्रीत उतरत नाही म्हणा. पण नळाचा पाइप फुटला असता तर तुमच्या मीटरनं कधीच बोंब मारली असती. तोही सोडला. राहिली पन्नाबेन.

तरुलताबेन : तेच तर मी चार वर्षं सांगतेय! त्यांनी न्हाणीघर बांधलं आणि त्याच साली माझ्या भिंतीचे पोपडे निघायला लागले. दोन गोष्टी एकाच साली झाल्या. ह्याला पुरावा नाही तर काय म्हणायचं?

गफूरचाचा : सकाळी मी पलीकडे जाऊन आलो.

तरुलताबेन : मला न सांगता?

गफूरचाचा : भिंत दोघींची आहे. एका बाजूनं बघून कसं चालेल? त्यांच्या न्हाणीघरात गेलो. मोरीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलंय. आत लाकडं आणि जुने कंदील भरून ठेवलेत. ह्याच उंचीवर त्यांच्या बाजूनं बोटभर भोक पाडलं. ही पुडी बघा.

तरुलताबेन : माती आहे.

गफूरचाचा : फुंकर मारा.

तरुलताबेन : उडाली. कोरडी आहे.

गफूरचाचा : आता तुमच्या बाजूनं पाडतो. धरा हात खाली. हं, काय पडलं?

तरुलताबेन : चिखल.

गफूरचाचा : भिंत दोन फुटांची आहे. तिकडची बाजू भुगा, इकडची चिखल. पाणी तिकडून आलं असतं तर आधी तिकडची भिजली असती.

तरुलताबेन : दोन वर्षं न्हाणीघर बंद आहे म्हणून त्यांची बाजू सुकली असेल. आत मुरलेलं पाणी इकडे सरकलं.

गफूरचाचा : पाण्याला काय तुमचं घर जास्त आवडलं? बेन, सुकायची तर दोन्ही बाजू सुकायला लागली असती. दोन वर्षांत तुमचा डाग लहान झाला की मोठा?

तरुलताबेन : बघितलं नाही मी.

गफूरचाचा : रोज ह्या खोलीत येता.

तरुलताबेन : पडदा होता म्हटलं ना! पुढचं बोला.

गफूरचाचा : पुढचं खाली आहे. ओल जमिनीशी सगळ्यात दाट आहे. त्यातही त्या कोपऱ्यात, पेटाऱ्याच्या मागे. फरशीला घाम आलाय बघा. जरा पहार द्या. ऐकलंत? इथे ठक्. इथे ठक्. आणि पेटाऱ्याच्या कडेला?

तरुलताबेन : पोकळ वाजतंय.

गफूरचाचा : खाली काय आहे?

तरुलताबेन : काही नाही. म्हणजे टाकं आहे. पावसाचं पाणी साठवायचं जुनं टाकं. सगळ्यांच्याच घरात असायचं. आमचं कधीच बंद झालं. मी नऊ वर्षांची होते. गल्लीत नळ आला, बापूजींनी टाकं उपसून घेतलं, दगडी झाकण बसवलं आणि वर हा पेटारा ओढून ठेवला. आत विंचवाशिवाय काही नसेल.

गफूरचाचा : पेटाऱ्याला चाकं आहेत ना? लावा हात.

तरुलताबेन : आत सगळी पितळी भांडी आहेत.

गफूरचाचा : मग दोन्ही हात लावा. हं… आणखी थोडं… बस. आता ही कडी. पहार घालतो, तुम्ही फक्त मागे सरा. या अल्ला. आला वर.

तरुलताबेन : बॅटरी धरू का?

गफूरचाचा : आधी खडा टाका.

तरुलताबेन : हे… हे पाणी वाजलं.

गफूरचाचा : आता धरा बॅटरी.

तरुलताबेन : चाचा, हे भरलेलं आहे.

गफूरचाचा : आणि काच म्हणावं इतकं स्वच्छ. नदीचं नाही, गटाराचं नाही. हे वरून आलेलं पाणी आहे.

तरुलताबेन : शक्य नाही. बापूजींनी गच्चीवरचं भोक वीट घालून, चुना थापून बुजवलं होतं. मी स्वतः चुना कालवायला बसले होते.

गफूरचाचा : गच्चीवर तुम्ही नवीन लाद्या कधी बसवल्या?

तरुलताबेन : झाली चार वर्षं. का?

गफूरचाचा : काही नाही. नीळ आहे का घरात? कपड्यांची?

तरुलताबेन : आहे. पांढऱ्या साड्यांना लागते.

गफूरचाचा : बादलीभर पाण्यात कालवून द्या. मी वर जातो. तुम्ही इथे बॅटरी धरून बसा आणि मी हाक मारली की बघा.

तरुलताबेन : जिना जपून चढा. वर अजून उत्तरायणातल्या पतंगांचा मांजा पडलाय, पायात येईल. … पोचलात का?

गफूरचाचा : पोचलो! मागच्या कोपऱ्यात एक भोक आहे, वर पितळी जाळी!

तरुलताबेन : ते मागच्या गटारात जातं!

गफूरचाचा : कुणी सांगितलं?

तरुलताबेन : लादीवाल्यानं! म्हणजे तो म्हणाला, इथे जुनं भोक आहे, उघडू का. मी म्हटलं उघड. मागेच जात असणार, आणखी कुठे जाईल!

गफूरचाचा : आणि सगळा उतार इकडे का दिला?

तरुलताबेन : मीच द्यायला लावला! आधी पन्हळीतून पाणी रस्त्यावर पडायचं, लोक अंगावर उडालं म्हणून ओरडायचे!

गफूरचाचा : बरं! ओततोय! बघा!

तरुलताबेन : काही नाही.

गफूरचाचा : दम धरा! दोन मजले उतरायचेत!

तरुलताबेन : काही नाही अजून… थांबा. आवाज येतोय. भिंतीतून येतोय.

गफूरचाचा : आलं का?

तरुलताबेन : बॅटरी खाली धरते.

गफूरचाचा : तरुबेन! आलं का?

तरुलताबेन : आलं.

गफूरचाचा : काय रंग?

तरुलताबेन : खाली या चाचा. निळं आहे.

गफूरचाचा : हुश्श. तुमच्या जिन्याच्या पायऱ्या गुडघ्याला लागतात. बघू. हं. आता उजेड जरा कडेला धरा. ही पांढरी रेघ दिसते? दसऱ्याला पाणी इथवर होतं. आता कुठे आहे?

तरुलताबेन : दोन फूट खाली.

गफूरचाचा : कुणी उपसलं?

तरुलताबेन : कुणी नाही.

गफूरचाचा : आणि ही भेग. सामाईक भिंतीच्या पायाशी. आतला चुना इतकी वर्षं कोरडा पडून फुटला होता, पाणी आलं आणि त्याला वाट मिळाली. भिंत वातीसारखी खालून ओढून घेते. टाकं केवढं असेल?

तरुलताबेन : ही खोली दहा बाय सहा आहे. टाकं तेवढंच आहे. दहा सहे साठ, दोन फूट, एकशे वीस घनफूट. घनफुटाला अठ्ठावीस लिटर धरले तर तीन हजार तीनशे साठ लिटर.

गफूरचाचा : चार महिन्यांत.

तरुलताबेन : चार महिन्यांत. ह्या भिंतीनं प्यायलं.

गफूरचाचा : आणि तुम्ही ज्यांचं न्हाणीघर बंद केलंत त्या पन्नाबेनच्या सासूबाई, रेवाबा, किती पाण्यात आंघोळ करायच्या?

तरुलताबेन : पुरे चाचा. दोन बादल्यांत. मला माहीत आहे. लहानपणी मीच भरून द्यायची. ह्याच टाक्यातून.

गफूरचाचा : चहा ठेवा. साखर जास्त.

तरुलताबेन : ठेवते. … चाचा, एक विचारू? हे उपसलं आणि वरचं भोक बुजवलं तर भिंत सुकेल?

गफूरचाचा : सुकेल. सावकाश. एक उन्हाळा पुरणार नाही, दोन लागतील. खालचा गिलावा काढून नुसत्या चुन्याचा करू. सिमेंट लावायचं नाही, तिला श्वास घेऊ द्यायचा.

तरुलताबेन : मग रविवारी तुम्ही एवढंच सांगा ना, की आता न्हाणीघर उघडायला हरकत नाही. भिंत सुकायला लागेल. त्यात खोटं काही नाही.

गफूरचाचा : खोटं काही नाही.

तरुलताबेन : पन्नाला न्हाणीघर मिळेल. माझी भिंत सुकेल. कुणाचं नुकसान नाही.

गफूरचाचा : आणि कुणी विचारलं, ओल येत कुठून होती?

तरुलताबेन : कोण विचारणार आहे!

गफूरचाचा : पन्नाबेन. दोन वर्षं ती दुसरं काय विचारतेय? बेन, भेग भरायचं काम माझं. विटांची सुरखी आणि चुना घालून अशी भरेन की तुमच्यामाझ्यामागेही टिकेल. सांगायचं काम कुणाचं ते तुम्ही ठरवा. मला विचारलं तर मी बघितलं तेच बोलणार. ह्या वयात दुसरं बोलायला शिकवू नका मला.

तरुलताबेन : छत्तीस वर्षं पोरींची गणितं तपासली मी. चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ मारताना हात कधी अडखळला नाही.

गफूरचाचा : वही दुसऱ्याची होती ना.

तरुलताबेन : साखर पुरेशी आहे?

गफूरचाचा : आहे.

तरुलताबेन : मला गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. कुठून येते ते नाही, पण कुठून येत नाही ते. त्यांचं न्हाणीघर बंद होऊन वर्ष झालं होतं आणि डाग चार बोटं वर चढला होता. मी मोजला. पट्टी लावून मोजला. मग बाजारात जाऊन पडद्याचं कापड घेऊन आले.

गफूरचाचा : हं.

तरुलताबेन : तेव्हा जाऊन सांगितलं असतं तर अंदाज चुकला असं म्हणता आलं असतं. आता काय म्हणू?

गफूरचाचा : मी येऊ बरोबर?

तरुलताबेन : नको. तुम्ही आलात की तीन वाक्यं तुम्हीच बोलाल आणि माझं काम होऊन जाईल. चहा प्या. मी जाऊन येते.

(शेजारच्या पन्नाबेनचं दार. भर दुपार.)

पन्नाबेन : बेन? तुम्ही? सकाळी चाचांनी भिंतीला भोक पाडलं, आता आणखी काय पाडायचं राहिलंय?

तरुलताबेन : आत येऊ का?

पन्नाबेन : इथेच बोला. हात पिठाचे आहेत, बांचं जेवण व्हायचंय. रविवारचंच ना? माझं म्हणणं मी अर्जात लिहिलंय. सगळ्या पायऱ्या दाखवून लिहिलंय, तुमच्याच वर्गात शिकले मी.

तरुलताबेन : पन्ना, ओल तुमच्या न्हाणीघराची नाही.

पन्नाबेन : काय म्हणालात?

तरुलताबेन : माझ्या घरात टाकं आहे. गच्चीचं सगळं पाणी चार वर्षं त्यात उतरत होतं. भोक मीच उघडायला लावलं. टाक्याला भेग आहे, तिथून भिंतीत मुरतं. चाचांनी निळीचं पाणी ओतून दाखवलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पन्नाबेन : तुमच्या घरात.

तरुलताबेन : माझ्या घरात. तुमचा थेंबही नाही.

पन्नाबेन : आम्ही त्यात लाकडं भरली, बेन. नवी कोरी फरशी. आमच्या ह्यांनी कोट्याहून आणली होती, बांचा पाय घसरू नये म्हणून खरबरीत बघून आणली. भिंतीला धरायला कडी बसवली. बांनी ती जेमतेम दोन वर्षं वापरली. मग तुम्ही पंचांपुढे बोट दाखवलंत.

तरुलताबेन : हो.

पन्नाबेन : मी म्हणत होते, मोरीत रंग ओतून बघा. आठवतं? तुम्ही म्हणालात, पन्ना, दोन आणि दोन चारच होतात, त्याला रंग ओतावा लागत नाही. सगळे हसले.

तरुलताबेन : आठवतं.

पन्नाबेन : तेव्हापासून बांना मागच्या परसात न्यायचो आम्ही आंघोळीला. तीन पायऱ्या उतरून. थंडीत चादरी बांधून आडोसा करायचा. पंच्याऐंशी वर्षांची बाई.

तरुलताबेन : मला वाटलं स्वयंपाकघरात…

पन्नाबेन : स्वयंपाकघरात त्या न्हायल्या असत्या का? सोवळं-ओवळं तुम्हाला माहीत नाही त्यांचं? बेन, बा पडल्या कुठे, ठाऊक आहे?

तरुलताबेन : देवळाच्या पायरीवर. श्रावणात. गल्लीत सगळे तेच म्हणत होते.

पन्नाबेन : आम्हीच तसं सांगितलं. परसातल्या तिसऱ्या पायरीवर पडल्या. ओल्या अंगानं. खुब्याचं हाड गेलं, तेव्हापासून पलंगावर आहेत.

तरुलताबेन : मला का नाही सांगितलंत?

पन्नाबेन : सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, न्हाणीघरासाठी सासूचं हाड पुढे करतात. नसता म्हणालात?

तरुलताबेन : म्हणाले असते.

पन्नाबेन : मग. आता न्हाणीघर उघडून तरी काय, त्या उठायच्या नाहीत. मी अर्ज दिला तो नुसता दिला. हट्टानं.

तरुलताबेन : रविवारी पंचांपुढे मी उभी राहून सांगेन. टाक्याचं, गच्चीचं आणि गेल्या वर्षी मी डाग मोजला होता, तेही.

पन्नाबेन : मोजला होतात?

तरुलताबेन : पट्टी लावून. तुमचं न्हाणीघर बंद होतं आणि डाग वाढला होता. मला कळलं होतं पन्ना. मी गप्प बसले.

पन्नाबेन : गेल्या वर्षी कधी?

तरुलताबेन : वैशाखात.

पन्नाबेन : वैशाखात. आणि बा श्रावणात पडल्या.

तरुलताबेन : हो.

पन्नाबेन : मला आता काही बोलायला लावू नका बेन. तोंडातून काय निघेल सांगता येत नाही, आणि तुम्ही माझ्या शिक्षिका आहात.

तरुलताबेन : बोल. जे यायचं ते येऊ दे.

पन्नाबेन : पंचांना काय सांगायचं ते सांगा, नाहीतर नका सांगू. ती पाच माणसं चहा पिऊन उठतील. आधी बांना सांगा.

तरुलताबेन : त्या बोलतील माझ्याशी?

पन्नाबेन : ते त्यांचं त्या बघतील. चपला इथे काढा. खुर्ची नका ओढू, पलंगावरच बसा, उजव्या बाजूला. डावा कान गेलाय त्यांचा. आणि मोठ्यानं सांगावं लागेल.